उत्तर मुख्याध्यापकाने द्यायचे, निर्णय मंत्रालयाने घ्यायचा

ज्या सरकारी शाळेचा पट तीसपर्यंत आहे, तिला समग्र शिक्षा अभियानातून वर्षाला १० हजार रुपये संयुक्त शाळा अनुदान मिळते. पट शंभरपर्यंत असेल तर २५ हजार, अडीचशेपर्यंत ५० हजार. दहा हजार म्हणजे महिन्याला साडेआठशेसुद्धा नाहीत. खडू, हजेरीपत्रके, फळ्याचा रंग, नळाची तोटी, फुटलेली कौले, विजेचे बिल, झेरॉक्स हे सगळे त्यातच. शिवाय किमान दहा टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च झालीच पाहिजे, असा दंडक आहे. वाडीवरच्या शाळेचे कॅशबुक चाळले तर सरकारच्या शिक्षणविषयक धोरणाचा जेवढा उलगडा होतो, तेवढा अर्थसंकल्पाच्या भाषणातून होत नाही.

कॅशबुकात रकमेइतकीच महत्त्वाची असते ती तारीख. शाळा जूनमध्ये भरते, कौले पावसाळ्यात गळतात. अनुदान मात्र पुष्कळदा दिवाळीनंतर, कधी फेब्रुवारी-मार्चमध्ये जमा होते. देशभरातल्या शाळांच्या अनुदानाचा माग काढणाऱ्या अभ्यासांनी पंधरा वर्षांपूर्वीच दाखवून दिले होते की शाळेचा पैसा आर्थिक वर्षाच्या उत्तरार्धात पोहोचतो. २०२१ पासून एकल खाते पद्धत आली. पैसा शाळेच्या खात्यात पडून राहू नये हा त्यामागचा हेतू वाजवी होता. पण त्यामुळे आता मुख्याध्यापकाला खर्चाची केवळ मर्यादा दिसते. दुकानदाराची नोंदणी, व्हाउचर, मंजुरी हे सारे ऑनलाइन उरकायचे, आणि ३१ मार्चपर्यंत खर्च पडला नाही तर मर्यादा परत जाते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नेटवर्क शोधत तालुक्याच्या गावी बसलेला शिक्षक हे आपल्या वित्तीय शिस्तीचे खरे चित्र आहे. एवढे करून एप्रिलमध्ये त्याच्याकडूनच उपयोगिता प्रमाणपत्र मागितले जाते. पैसे उशिरा का सोडले, याचे प्रमाणपत्र त्याला कोणीच देत नाही.

शिक्षणावरच्या खर्चाबाबत सरकारला जाब विचारायचा कसा, या प्रश्नाचे मूळ इथे आहे असे मला वाटते. महाराष्ट्रात जाब विचारण्याची साधने कमी नाहीत. कायदे आहेत, समित्या आहेत, आयोग आहेत, न्यायालये आहेत. परंतु निर्णय घेणारा एका टोकाला आणि उत्तर देणारा दुसऱ्या टोकाला अशी रचना आपण उभी केली आहे. पालक चिडतो तो मुख्याध्यापकावर, फार तर केंद्रप्रमुखावर. सचिव आणि मंत्री त्याच्या टप्प्यातच येत नाहीत.

हा वाद या मुलखाला नवा नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुल्यांनी शिक्षणाचा प्रश्न आधी महसुलाचा प्रश्न म्हणून मांडला. सरकारी तिजोरी भरते रयतेच्या घामाने आणि शिक्षणावरचा पैसा जातो वरच्या वर्गांकडे, हा त्यांचा हिशेब होता. प्राथमिक शिक्षण बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करा, ही मागणी त्यांनी त्या हिशेबाच्या जोरावर केली. वीस वर्षांनी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०२ च्या अर्थसंकल्पावरील भाषणात शिलकी अंदाजपत्रकाचेच वाभाडे काढले. लोक हलाखीत असताना तिजोरीत उरणारी शिलक ही सरकारची कर्तबगारी नव्हे, असा त्यांच्या टीकेचा रोख. मार्च १९११ मध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. वर्षभरानंतर ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. विरोधकांच्या कारणांत पैशाची अडचण होतीच. त्याच काळात सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेलीत सुरू केलेली सक्ती १९०६ पर्यंत साऱ्या बडोदे संस्थानात लागू केली होती, आणि १९१७ मध्ये शाहू महाराजांनी करवीरात तोच मार्ग धरला. पैसा नाही म्हणणारे साम्राज्य आणि पैसा उभा करणारी संस्थाने शेजारी-शेजारी नांदत होती. ‘निधी उपलब्ध नाही’ हे वाक्य ऐकले की मला हा शेजार आठवतो.

गोखल्यांनी मागितलेला कायदा व्हायला सुमारे शंभर वर्षे लागली. २००२ च्या ८६व्या घटनादुरुस्तीने कलम २१-अ आले, २००९ मध्ये शिक्षण हक्क कायदा झाला, १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. या कायद्याची चर्चा खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के राखीव जागांभोवतीच फिरत राहिली. जाब विचारण्याच्या दृष्टीने जी कलमे मोलाची, ती बाजूला पडली. कलम २१ प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती नेमायला सांगते. त्यात तीन-चतुर्थांश पालक हवेत आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला. या समितीने शाळेच्या अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवायचे आहे. कलम २२ त्याहून पुढे जाते. सरकारी शाळेत समितीने शाळा विकास आराखडा तयार करायचा आणि सरकारने आपली योजना व अनुदान त्या आराखड्याच्या आधारे ठरवायचे. म्हणजे कायद्याच्या मनात मागणी खालून वर जाते आणि पैसा वरून खाली येतो.

प्रत्यक्षात आराखड्याचा छापील नमुना वरून येतो. मुख्याध्यापक तो एका संध्याकाळी भरतो, अनेकदा मागच्या वर्षीचे आकडे बदलून. समितीच्या बाया सह्या-अंगठे करतात, आणि कागद गटसाधन केंद्रात जमा होतो. त्या आराखड्यात ‘दोन वर्गखोल्या हव्यात’ असे लिहिले होते, मग निधी का आला नाही, हा प्रश्न कोणी लेखी विचारत नाही. कायद्याने तो विचारण्याचा अधिकार दिला आहे हे बहुतेक समित्यांना ठाऊकच नसते. दोष पालकांचा म्हणता येणार नाही. समितीच्या प्रशिक्षणावरचा खर्चही कागदावर झालेला असतो.

समितीचे अधिकार कसे काढून घेतले जातात आणि त्यातून काय होते, याचा ताजा नमुना म्हणजे गणवेश. पूर्वी विद्यार्थ्यामागे दोन गणवेशांचे ६०० रुपये समितीकडे येत. समिती गावातल्या किंवा बाजाराच्या गावातल्या शिंप्याकडे मापे देई. कापड कधी बरे, कधी हलके निघे, पण गणवेश अंगाला येई आणि तक्रार असली तर शिंप्याचे दुकान माहीत असे. मग ‘एक राज्य, एक गणवेश’ आले. कापडाची खरेदी राज्य पातळीवर, शिलाईचे काम महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे, स्काउट-गाइडच्या दुसऱ्या गणवेशाचे कापड शाळेकडे आणि शिवून घेण्यासाठी वर थोडे पैसे. २०२४-२५ चे वर्ष सुरू झाले तरी कित्येक शाळांत गणवेश पोहोचले नाहीत. १५ ऑगस्टच्या झेंडावंदनाला मुले जुन्या कपड्यांत उभी राहिली. जे गणवेश आले, त्यांची मापे चुकलेली. पाचवीच्या मुलाला तिसरीची विजार. पालक शाळेत भांडायला आले तेव्हा मुख्याध्यापकाने काय करावे? कापड त्याने घेतलेले नाही, शिवलेले नाही, ठेका त्याने दिलेला नाही. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने पाऊल मागे घेतले आणि पुढच्या वर्षापासून गणवेशाचा अधिकार पुन्हा समित्यांकडे दिला. निर्णय बदलला हे चांगलेच झाले. पण एक अख्खे वर्ष मुलांना उसवलेल्या शिवणीत काढावे लागले, त्याबद्दल कोणाला विचारणा झाल्याचे कोठे दिसले नाही.

अंड्याची कथा याहून लहान आणि जास्त बोचरी. २०२३ च्या अखेरीस पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे, न खाणाऱ्यांना केळे, असा निर्णय झाला. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठी वेगळा निधी देणे बंद झाले. अंडे द्यायचेच असेल तर लोकसहभागातून द्या, असे शाळांना सांगण्यात आले. आता लोकसहभाग कोणाचा? नंदुरबार-गडचिरोलीच्या पाड्यावर, जिथे अंड्याची गरज सर्वाधिक, तिथेच वर्गणी देणारे हात सर्वांत कमी. मे २०२५ पासून केंद्राने ठरवलेला प्राथमिकच्या मुलामागचा धान्याव्यतिरिक्त रोजचा खर्च ६ रुपये ७८ पैसे आहे. तेल, डाळ, भाजी, मसाला, इंधन या एवढ्यात बसवून वर अंडे काढायचे कुठून, हे गणित ज्या स्वयंपाकी ताई मांडतात त्यांना मंत्रालयात कोणी बोलावत नाही.

पैसा नाही, हे मात्र प्रत्येक वेळी खरे नसते. २८ जून २०२४ रोजी राज्याचा अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला गेला आणि ९ जुलैला ९४ हजार ८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या सभागृहात आल्या. अंदाजपत्रकाची शाई वाळण्याआधी एवढी रक्कम वाढते, तर मूळ अंदाज कशाला म्हणायचे? पुरवणी मागण्या सरकारचा घटनात्मक अधिकार आहेत, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो चर्चेचा. अधिवेशन आटोपत आले की उरलेल्या मागण्या गिलोटिन लावून, म्हणजे चर्चेविना, एकत्र मंजूर होतात, आणि त्यांत शाळांसारखी रोजची, रुक्ष खाती पहिल्यांदा चेपली जातात. लोकप्रिय योजनेला निधी कमी पडला की दुसरीकडून वळवला जातो. मे २०२५ मध्ये ‘लाडकी बहीण’साठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी वळवले गेले, तेव्हा सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी स्वतःच जाहीर नाराजी व्यक्त केली. वसतिगृहे, आश्रमशाळा, शिष्यवृत्त्या याच दोन खात्यांकडे आहेत. ज्या खात्याचा मंत्रीच वर्तमानपत्रांतून दाद मागतो, त्या खात्याच्या वसतिगृहातल्या मुलाने कोणाकडे जावे?

तरतुदीविना निर्णय हा आपल्याकडचा जुना रोग आहे. कायम विनाअनुदानित शाळांमधला ‘कायम’ हा शब्द २००९ मध्ये वगळला गेला. त्यानंतर वीस टक्के, चाळीस टक्के असे अनुदानाचे टप्पे हप्त्याहप्त्याने सुरू झाले. विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, १४ ऑक्टोबर २०२४ रोजी पुढचा टप्पा देण्याचा शासन निर्णय निघाला. शिक्षकांनी पेढे वाटले. निधीची तरतूद मात्र झाली नाही, आणि जुलै २०२५ मध्ये तेच शिक्षक भर पावसात आझाद मैदानावर चिखलात बसलेले दिसले. पंधरा-वीस वर्षे अर्ध्या पगारावर किंवा बिनपगारी शिकवणाऱ्या माणसाला शासन निर्णय आणि पैसा यांतला फरक आंदोलन करून शिकावा लागतो. मैदानावरून मिळालेले आश्वासन हा उत्तरदायित्वाचा पुरावा मानायचा की अभावाचा, हे ज्याने त्याने ठरवावे.

खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के जागांचा पेचही पैशाचाच. सरकारने प्रतिपूर्ती द्यायची, महाराष्ट्रात ती विद्यार्थ्यामागे वर्षाला १७ हजार ६७० रुपये ठरली. ती वेळेवर मिळत नाही. थकबाकी दोन हजार कोटींच्या वर गेल्याचा दावा संस्थाचालकांच्या संघटना करतात. शाळा मग पालकांकडे ‘इतर’ शुल्काचा तगादा लावतात, आणि देणेकरी सरकार असूनही मान खाली घालतो तो रिक्षावाला बाप. थकबाकी भागवण्याऐवजी सरकारने ९ फेब्रुवारी २०२४ रोजी नियमच बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर तिथल्या खासगी शाळेला पंचवीस टक्क्यांतून सूट. त्या उन्हाळ्यात पालकांच्या मोबाइलवर शाळांची यादी उघडली तेव्हा तीत बहुतांशी जिल्हा परिषदेच्याच शाळा दिसू लागल्या. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात या दुरुस्तीला स्थगिती दिली, १९ जुलैला ती रद्द केली, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप करण्यास नकार दिला. नियमाने कायदा मोडता येत नाही, एवढाच धडा होता. तो शिकायला एक प्रवेशसत्र विस्कटले.

गंमत अशी की जवळची सरकारी शाळा पुरेशी आहे असे न्यायालयात सांगणारे सरकार काही वर्षांपासून आपल्या छोट्या शाळांचा हिशेब लावत होते. २०१७ मध्ये दहाच्या आतील पटाच्या १,३१४ शाळा बंद करण्याची घोषणा झाली होती. २०२२ मध्ये वीसपर्यंत पट असलेल्या शाळांची माहिती मागवली गेली. त्या निघाल्या १४,७८३, आणि त्यांतली मुले १ लाख ८५ हजारांच्या घरात. पुढच्या वर्षी छोट्या शाळा एकत्र करण्यासाठी ‘समूह शाळा’ हा गोंडस शब्द आला. पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणे दिली गेली. एका शिक्षकाने चार वर्ग सांभाळण्यापेक्षा मोठी शाळा बरी, या म्हणण्यात तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. पण मधल्या अंतराचे काय? ऑक्टोबर २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची मुले शाळा बंद झाल्याच्या निषेधार्थ बकऱ्या घेऊन थेट नाशिक जिल्हा परिषदेत आली. शाळा नाही तर दप्तरे तुम्ही ठेवून घ्या आणि आम्हाला राखायला बकऱ्या द्या, हे त्यांचे मागणे. एवढे नेमके निवेदन एखाद्या शिक्षणतज्ज्ञाला सुचले नसते. त्याच वर्षी जानेवारीत सातारा जिल्ह्यातल्या खिरखंडीच्या मुली कोयनेच्या फुगवट्याचे पाणी स्वतः होडी वल्हवत ओलांडून, पुढे जंगलातून चालत शाळेत जातात, या बातमीची उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली होती. न्यायमूर्तींनी वर्तमानपत्र वाचले म्हणून होडी दिसली. जिल्ह्याच्या शिक्षण खात्याच्या नोंदीत त्या मुली ‘नियमित उपस्थित’ असणार.

हे प्रश्न पूर्वी जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण सभेत उठत. गटातला सदस्य, कसाही असला तरी, शाळेच्या गळक्या छपरावरून शिक्षणाधिकाऱ्याला उभे करी. शिक्षण समितीचा सभापती गावात तोंड दाखवायचे म्हणून का होईना, फोन उचली. १९६२ पासून चालत आलेली ही व्यवस्था मार्च २०२२ मध्ये बहुतेक जिल्ह्यांत थांबली. मुदती संपल्या, ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकला, आणि परिषदा प्रशासकांच्या हाती गेल्या. निवडणुका घ्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिला, तोवर तीन वर्षे उलटली होती. या तीन वर्षांत समूह शाळा, दत्तक शाळा, गणवेश, संचमान्यतेचे, म्हणजे पटानुसार शिक्षकसंख्या ठरवण्याचे, नवे निकष असे मोठे निर्णय झाले, आणि ग्रामीण महाराष्ट्राच्या शाळा ज्यांच्या मालकीच्या, त्यांतल्या बहुतेक संस्थांत निवडून आलेला एकही माणूस बसलेला नव्हता. उत्तरदायित्वाच्या चर्चेत या गोष्टीचा उल्लेख इतका कमी होतो की आश्चर्य वाटते.

उरतात ती वरची साधने. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवाल येतात, अनेकदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर ठेवले जातात, दुसऱ्या दिवशी बातमी होते आणि पुढे लोकलेखा समितीच्या रांगेत जाऊन बसतात. विधिमंडळाची पंचायत राज समिती जिल्ह्यात येते तेव्हा जिल्हा परिषदेत लगीनघाई उडते. भिंती रंगतात, जुन्या लेखा आक्षेपांची अनुपालने रात्रभर जागून लिहिली जातात, आमदार अचानक एखाद्या शाळेत शिरून मुलांना पाढे विचारतात. निलंबन झालेच तर ते मुख्याध्यापकाचे किंवा ग्रामसेवकाचे. माहिती अधिकाराबाबत महाराष्ट्राला अभिमान वाटावा असा इतिहास आहे. केंद्राच्या आधी, २००२ मध्ये राज्याने स्वतःचा कायदा केला. पण राज्य माहिती आयोगापुढे लाखाहून अधिक अपिले व तक्रारी पडून असल्याचे २०२४ च्या पाहणीत दिसले, हा आकडा देशात सर्वाधिक होता. दोन वर्षांनी मिळालेली माहिती वकिलाला उपयोगी पडेल. तोवर मूल तिसरीतून पाचवीत गेलेले असते. त्यात डिजिटल विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातले वैयक्तिक माहितीचे कलम आणखी आवळले आहे. शिक्षक कुठे नेमला, कोणाची प्रतिनियुक्ती कशी झाली, असे प्रश्न आता ‘वैयक्तिक’ म्हणून परतवणे सोपे जाईल.

२०१५ चा लोकसेवा हक्क कायदा ऐकायला धारदार आहे. ठरलेल्या दिवसांत सेवा दिली नाही तर अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड. दाखल्यांच्या बाबतीत त्याने फरकही पडला. पण अधिसूचित सेवा म्हणजे प्रामुख्याने प्रमाणपत्रे आणि परवाने. मुलीला रहिवासी दाखला पंधरवड्यात मिळण्याचा हक्क आहे, गणिताचा शिक्षक किती दिवसांत मिळावा याबद्दल कायदा गप्प.

सरकारची बाजूही मांडली पाहिजे, कारण ती खोटी नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये तीन दिवस राज्यभर पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटांना शाई लावून मोजणी केली, आणि लाखो मुले फक्त हजेरीपटावर असल्याचे उघड झाले. त्यांच्या नावावर तुकड्या, तुकड्यांच्या नावावर शिक्षक, आणि वर्षानुवर्षे अनुदान उचललेले. २०२५ मध्ये नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीचे प्रकरण निघाले. नियुक्ती नसलेल्यांचे पगार सरकारी प्रणालीतून निघत होते आणि अटक झालेल्यांत शिक्षण खात्यातलेच अधिकारी होते. असे असताना वित्त विभाग प्रत्येक फाइलकडे संशयाने बघतो, यात नवल नाही. शिक्षक संघटनाही अंग चोरतात. २५ सप्टेंबर २०२४ ला हजारो शिक्षक सामूहिक रजेवर गेले, संचमान्यतेविरुद्ध आणि वीसच्या आतील पटाच्या शाळांत १५ हजारांवर कंत्राटी शिक्षक नेमण्याविरुद्ध. मागण्या रास्त होत्या, कंत्राटी नेमणुकीचा निर्णय सरकारला पुढे मागे घ्यावा लागला. परंतु पाचवीच्या कित्येक मुलांना दुसरीचा धडा वाचता येत नाही, हे ‘असर’ची पाहणी २००५ पासून सांगत आली आहे, आणि त्या प्रश्नावर एवढा मोर्चा कधी निघाला नाही. पालकांचा विश्वास तिथेच उडतो. एकदा मध्यमवर्गाची आणि मग गावातल्या सधन घरांची मुले शाळेतून गेली की गावात सरकारला विचारणारा आवाजही त्यांच्याबरोबर जातो.

काही चालल्याची उदाहरणे आहेत, आणि ती आरोग्यातून शिकण्यासारखी आहेत. २००७ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेने समन्वय केला. गावातल्या लोकांनी आरोग्य केंद्राची सेवा तपासून हिरवा, पिवळा, लाल शेरा द्यायचा, आणि मग जनसुनवाईत वैद्यकीय अधिकाऱ्यांसमोर, पंचायत समितीच्या सदस्यांसमोर, पत्रकारांसमोर तो वाचायचा. औषधे बाहेरून आणायला लावली, प्रसूतीला पैसे मागितले, परिचारिका गावात फिरकली नाही, हे तोंडावर सांगितले गेले आणि अधिकाऱ्यांना तिथल्या तिथे उत्तर द्यावे लागले. कित्येक ठिकाणी त्याने फरक पडला. या पद्धतीचा गाभा एवढाच की प्रश्न विचारणारा आणि निर्णय घेणारा एका मांडवात आले, मधल्या परिचारिकेला उशी म्हणून वापरता आले नाही. मेघालयाने २०१७ मध्ये सार्वजनिक सेवांच्या सामाजिक अंकेक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. असे करणारे ते पहिले राज्य. फुले-शाहूंचे नाव रोज घेणाऱ्या महाराष्ट्राला तसा कायदा शाळांसाठी का करता येऊ नये, याचे पटणारे कारण मला सापडलेले नाही.

माझ्या मते त्या कायद्यात पहिली अट तारखेची असावी. अनुदान, प्रतिपूर्ती, पोषण आहाराचा निधी राज्य पातळीवरून कोणत्या दिवशी सुटला, जिल्ह्यात कोणत्या दिवशी पोहोचला आणि शाळेला कधी वापरता आला, या तीन तारखा शाळेच्या दर्शनी भिंतीवर रंगवाव्यात आणि उशीर ज्या टेबलावर झाला त्या टेबलाचे पदनाम खाली लिहावे. दुसरी अट, तरतुदीचे लेखाशीर्ष दाखवल्याशिवाय आर्थिक भार असलेला शासन निर्णय निघूच नये. यातले काही क्रांतिकारक नाही. वित्त विभागाची स्वतःची परिपत्रके बरीचशी हेच सांगतात.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर ज्यांची मुले सरकारी शाळेत आहेत, आणि ज्यांची नाहीत पण कर भरतात, त्यांनी या वर्षी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला जाऊन शाळा विकास आराखडा वाचायला मागावा आणि त्यातल्या किती मागण्या मंजूर झाल्या हे इतिवृत्तात लिहून घ्यावे. नकार मिळाला, किंवा खोली-शिक्षक-पाणी यांपैकी काही नसेल, तर तक्रार मुख्याध्यापकाच्या नावे करू नये. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली ती स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्हा परिषदेकडे किंवा महापालिकेकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. तीन महिन्यांत निर्णय देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. तो पटला नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते, आणि त्यासाठी वकील लावावा लागत नाही.